कंपनीची राजकीय देणगी: पैसा कुणाचा, निर्णय कुणाचा?

प्रश्न असा आला आहे: "माझ्याकडे एका लिस्टेड कंपनीचे थोडे शेअर आहेत. यंदाच्या वार्षिक अहवालात इतर खर्चांत 'राजकीय देणगी' अशी एक ओळ दिसली. आम्हा भागधारकांना न विचारता कंपनी पक्षाला पैसे देऊ शकते का? आणि कंपन्यांनी राजकारणात असा हात घातल्याने समाजाचं नेमकं काय होतं?"

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. हो, देऊ शकते, आणि तुम्हाला विचारावं लागत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १८२ नुसार कंपनी सरकारी नसेल आणि स्थापन होऊन तीन आर्थिक वर्षं झाली असतील, तर संचालक मंडळाच्या एका ठरावावर ती पक्षाला देणगी देऊ शकते. मर्यादा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के. पैसे रोखीने देता येत नाहीत. किती दिले आणि कोणत्या पक्षाला दिले, हे नफा-तोटा पत्रकात दाखवायचं. नियम मोडला तर कंपनीला देणगीच्या पाचपट दंड होऊ शकतो आणि जबाबदार अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद.

आता त्याच्या अगदी आधीचं कलम १८१ पाहा. ते धर्मादाय देणग्यांबद्दल आहे. कंपनीला रुग्णालयाला, शाळेला वा तशा निधीला सरासरी नफ्याच्या पाच टक्क्यांहून जास्त द्यायचे असतील, तर सर्वसाधारण सभेची, म्हणजे तुमची, आगाऊ परवानगी लागते. म्हणजे रुग्णालयाला सहा टक्के द्यायचे तर भागधारकांपुढे जा, आणि पक्षाला साडेसात टक्के द्यायचे तर संचालकांच्या खोलीतच विषय मिटवा. कंपनी सेक्रेटरी म्हणून इतकी वर्षं काढल्यावरही ही दोन कलमं शेजारी शेजारी वाचताना मला नवल वाटतं. कायदा करणाऱ्यांना ही विसंगती दिसली नसेल, असं मला वाटत नाही. देणगी घेणारे तेच आहेत.

मंडळाच्या बैठकीत हे घडतं कसं तेही सांगतो, कारण बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की तिथे मोठी चर्चा झडत असेल. बहुतेक ठिकाणी हा विषय कार्यक्रमपत्रिकेत अगदी शेवटी येतो, तिमाही निकाल मंजूर होऊन चहा आल्यानंतर. टिपण एका पानाचं असतं. ठरावात एक कमाल रक्कम लिहिलेली असते आणि "व्यवस्थापकीय संचालकांना योग्य वाटेल त्याप्रमाणे" अशा अर्थाची शब्दरचना. स्वतंत्र संचालक मान डोलावतात. कर्जावरच्या अर्ध्या टक्का व्याजासाठी तासभर भांडणारी मंडळी इथे 'का' असं विचारत नाहीत. विचारलंच तर उत्तर ठरलेलं: सगळेच देतात. संचालकांनी कंपनीच्या आणि सर्व भागधारकांच्या हितासाठी काम करायचं, असं कलम १६६ सांगतं. या देणगीत कंपनीचं हित कोणतं, हे लिहून ठेवण्याची सक्ती मात्र कुठेच नाही. आणि प्रामाणिकपणे लिहायचं म्हटलं तर अडचणच आहे. मोबदल्यात काही मिळणार असेल तर ती लाच ठरेल, काहीच मिळणार नसेल तर भागधारकांचा पैसा उधळला असं होईल. या दोन्हींच्या मधल्या धूसर पट्ट्यात सगळा व्यवहार चालतो.

तुमचा प्रश्न नवा नाही. तो १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आला होता. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देण्यासाठी आपल्या घटनापत्रातलं उद्देशांचं कलम बदलायचं होतं. त्या वेळच्या कायद्यानुसार आधी भागधारकांचा विशेष ठराव आणि मग न्यायालयाची मंजुरी, असे दोन टप्पे होते. एका भागधारकाने विरोध केला. मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे प्रकरण चाललं. कायद्यात मनाई नसल्याने त्यांनी बदल मान्य केला. पण पक्षांना कंपन्यांच्या पैशावर पोसण्याचा हा प्रकार वाढत गेला तर एक दिवस या देशातल्या लोकशाहीचा गळा घोटू शकतो, अशा आशयाचा इशारा निकालपत्रात दिला आणि संसदेने यात लक्ष घालावं असं सुचवलं. यातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. १९५७ मध्ये त्या कंपनीच्या भागधारकांना निदान मत द्यायला मिळालं होतं. आज तुम्हाला तेही नाही.

संसदेने लक्ष घातलं, पण आपल्या सोयीने. १९६० मध्ये मर्यादा आली: पंचवीस हजार रुपये किंवा सरासरी नफ्याच्या पाच टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. त्या काळात व्यवहार बराचसा उघड होता. १९६१ मध्ये जे. आर. डी. टाटांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून कळवलं की काँग्रेसबरोबर राजाजींच्या 'स्वतंत्र पक्ष' या विरोधी पक्षालाही आम्ही देणगी देणार आहोत. आज एखादा उद्योगपती पंतप्रधानांना असं पत्र लिहील का, हा विचार मनात येतोच. मग १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी घातली. कारण भ्रष्टाचाराचं सांगितलं गेलं. स्वतंत्र पक्षासारख्या विरोधकांची रसद तुटावी हाही हिशेब त्यात होता, असं मानणारे तेव्हाही होते आणि मलाही ते पटतं.

बंदीने देणग्या थांबल्या नाहीत, हिशेबाच्या वहीतून तेवढ्या नाहीशा झाल्या. माझ्या आधीच्या पिढीतले लेखापाल सांगायचे की त्या काळात पक्षाच्या अधिवेशनाच्या स्मरणिकेत पूर्ण पानाची जाहिरात देणं हा सगळ्यात सभ्य मार्ग होता. स्मरणिका किती छापल्या आणि कुणी वाचल्या, हे विचारायचं नसे. बाकीचं रोखीत. १९८५ मध्ये राजीव गांधींच्या काळात बंदी उठली, तीही पाच टक्क्यांची मर्यादा, मंडळाचा ठराव आणि जाहीर नोंद या अटींवर. पण सोळा वर्षांत लागलेली सवय कायद्याने जात नाही. आजच्या कलम १८२ मध्ये स्मरणिका, पत्रक, पुस्तिका यांतली जाहिरातही देणगीच धरावी असं स्पष्ट लिहिलं आहे, ते त्या इतिहासामुळे. तुमच्या कंपनीच्या जाहिरात खर्चात अशी एखादी नोंद दडली आहे का, हे लेखापरीक्षकाने पाहायचं असतं. सगळेच पाहतात असं नाही.

२००३ मध्ये कंपन्यांना अशा देणगीवर पूर्ण करसवलत मिळाली. त्याचा अर्थ असा की दिलेल्या रुपयातला कराएवढा हिस्सा सरकारी तिजोरीतून, म्हणजे सगळ्यांच्या खिशातून जातो. (२०१९ नंतर २२ टक्क्यांचा कमी दर निवडणाऱ्या कंपन्यांना ही वजावट मिळत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.) २०१३ मध्ये इलेक्टोरल ट्रस्टची योजना आली. कंपनी ट्रस्टला देते, ट्रस्ट वर्षभरात जमलेल्या रकमेपैकी किमान ९५ टक्के पक्षांना वाटतो. कुणी दिले आणि कुणाला गेले, या दोन्ही याद्या निवडणूक आयोगाकडे जातात. पण अनेक देणगीदारांचा पैसा एका हौदात जमा होत असेल तर कुणाचा रुपया कुठे गेला हे कळत नाही. तुमच्या कंपनीच्या अहवालात पक्षाऐवजी ट्रस्टचं नाव असेल, तर त्याचं कारण हे.

आणि मग २०१७. वित्त विधेयकातून, म्हणजे धन विधेयक म्हणून, राज्यसभेला वळसा घालून तीन गोष्टी झाल्या: साडेसात टक्क्यांची मर्यादा गेली, पक्षाचं नाव जाहीर करण्याची अट गेली आणि निवडणूक रोखे आले. रोख्यांची योजना २ जानेवारी २०१८ ला अधिसूचित झाली. स्टेट बँकेतून एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे घ्यायचे, पंधरा दिवसांत पक्षाने वटवायचे, देणाऱ्याचं नाव गुप्त. रिझर्व्ह बँकेने आणि निवडणूक आयोगाने हरकती घेतल्या होत्या, आयोगाने तर केवळ देणगीसाठी बनावट कंपन्या निघतील असं लिहून कळवलं होतं. माझ्या धंद्यातल्या लोकांना खटकलं ते मर्यादा जाण्याचं. मर्यादा नफ्याशी बांधलेली होती म्हणून तोट्यातली किंवा नावापुरता नफा असलेली कंपनी मोठी देणगी देऊ शकत नव्हती. ती गाठ सोडल्यावर कंपनी ही फक्त पैसा फिरवायची नळी होऊ शकते, हे समजायला कायद्याची पदवी लागत नाही.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने योजना रद्द केली. मतदाराचा माहितीचा हक्क हे मुख्य कारण. पण कंपन्यांबद्दलचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. व्यक्ती पक्षाला देते त्यात पाठिंबा असू शकतो, कंपनीचं देणं हा निव्वळ व्यावसायिक व्यवहार असतो आणि मोबदल्याच्या अपेक्षेनेच केला जातो, असं न्यायालयाने म्हटलं आणि अमर्याद देणग्यांची मुभा मनमानी ठरवली. साडेसात टक्के आणि पक्षाचं नाव या दोन्ही अटी त्यामुळे परत आल्या. अहवालातल्या त्या ओळीसोबत आज पक्षाचं नावही द्यावं लागतं, त्यामागे हा निकाल आहे.

रोखे कुणी घेतले आणि कुणी वटवले ही माहिती द्यायला न्यायालयाने स्टेट बँकेला सांगितलं होतं, बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. लोकसभेची निवडणूक तोवर होऊन गेली असती. न्यायालयाने ११ मार्चला ती नाकारली आणि आकडे बाहेर आले. एकूण सुमारे १६,५१८ कोटींचे रोखे विकले गेले होते. एप्रिल २०१९ नंतरचा जो तपशील प्रसिद्ध झाला त्यात भाजपने सुमारे ६,०६० कोटींचे, तृणमूलने १,६०९ कोटींचे आणि काँग्रेसने १,४२१ कोटींचे रोखे वटवल्याचं दिसलं. सगळ्यात मोठी खरेदीदार टाटा, रिलायन्स वगैरे ओळखीच्या नावांपैकी नव्हती. ती होती फ्युचर गेमिंग ही लॉटरीची कंपनी, १,३६८ कोटी. द्रमुकने स्वतःच जाहीर केलं की त्यांना रोख्यांतून मिळालेल्या ६५६.५ कोटींपैकी ५०९ कोटी याच कंपनीचे. तमिळनाडूत लॉटरीवर २००३ पासून बंदी आहे. दुसऱ्या क्रमांकावर बोगदे आणि सिंचनाची सरकारी कामं करणारी मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी.

यादी वाचताना मी कंपन्यांच्या नावांपेक्षा त्यांचे धंदे पाहत होतो. लॉटरी, खाणी, वीज, पायाभूत कामं, औषधं. ज्या धंद्याचं नशीब परवान्यावर, सरकारी निविदेवर किंवा तपास यंत्रणेच्या एका नोटिशीवर अवलंबून असतं, ते वर दिसतात. साबण-बिस्किटं विकणाऱ्याला मंत्रालयाची इतकी गरज नसते. एका औषध कंपनीच्या संचालकाला नोव्हेंबर २०२२ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने (ईडी) अटक केली आणि पाचव्या दिवशी कंपनीने पाच कोटींचे रोखे घेतले. या तारखांवरून काही सिद्ध होत नाही. देवाणघेवाणीच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमायची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये नाकारली, तेव्हा या गोष्टी तारखांपुरत्याच राहिल्या.

लोक समजतात की कंपनी देणगी देऊन धोरण विकत घेते. तसं कधी कधी होतही असेल. पण मी आतून जे पाहिलं त्यात देणगी जास्त करून विम्याच्या हप्त्यासारखी दिली जाते: काही मिळावं म्हणून कमी, काही बिघडू नये म्हणून जास्त. म्हणून सत्तेतल्याला जास्त आणि विरोधकाला थोडी, पण दोघांनाही. समाजावरचा परिणाम मला इथून सुरू होताना दिसतो. हा खर्च मोठ्या कंपनीला झेपतो. चाकणच्या किंवा कोल्हापूरच्या शिरोलीच्या लघुउद्योजकाला झेपत नाही, त्याला इन्स्पेक्टर तसाच भेटतो. म्हणजे स्पर्धा मालाच्या दर्जावर न होता ओळखीवर होऊ लागते आणि नवा माणूस त्या धंद्यात शिरायचं टाळतो. दुसरं, नियामक अधिकारी हे सगळं पाहत असतो. त्याला कुणी फोन करावा लागत नाही. कोणत्या फाइलवर कडक व्हायचं आणि कोणती आठवडाभर टेबलावर ठेवायची, हे त्याला आपोआप कळायला लागतं. याचा पुरावा कधीच मिळत नाही, कारण घडलेलं असं काही नसतं. न घडलेलं असतं.

देणगीचे नियम मोडले गेले तेव्हा पक्षांनी काय केलं, याचं एक उदाहरण गोव्याशी जोडलेलं आहे. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की स्टरलाइट आणि सेसा गोवा या कंपन्यांकडून भाजप आणि काँग्रेस या दोघांनी घेतलेल्या देणग्या परदेशी निधीच्या कायद्याचा भंग करतात, कारण या कंपन्यांचे बहुसंख्य शेअर ब्रिटनमध्ये नोंदलेल्या वेदांता रिसोर्सेसकडे होते. कारवाई व्हायला हवी होती. झालं असं की २०१६ आणि २०१८ च्या वित्त कायद्यांतून 'परदेशी स्रोत' ही व्याख्याच बदलली, आणि तीही थेट १९७६ पासून मागे जाऊन. इतर प्रत्येक विषयावर सभागृह डोक्यावर घेणारे दोन पक्ष या मुद्द्यावर एकमेकांच्या आड आले नाहीत.

त्याच गोव्यात खाणींचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. त्याचा या देणग्यांशी संबंध सिद्ध झालेला नाही आणि मी तसं सुचवतही नाही, पण सरकार आणि कंपन्या फार जवळ आल्या की शेवटी किंमत कोण मोजतं ते तिथे दिसतं. बेकायदा उत्खननामुळे २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. २०१४ मध्ये न्यायालयाने मर्यादेसह वाट मोकळी केली. खाणपट्ट्यांचा लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा वटहुकूम जानेवारी २०१५ मध्ये आला, आणि तोवर राज्य सरकारने जुन्याच धारकांना ८८ पट्टे नूतनीकरण करून दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ ला ते सगळे रद्द केले, सरकारच्या घाईवर कठोर शब्दांत बोट ठेवलं. कंपन्यांना दुसरे धंदे होते. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथल्या ज्या माणसांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते, मांडवी-जुवारीत बार्ज टाकले होते, त्यांना नव्हते.

आता देणगी बाजूला ठेवा, कारण प्रभावाचा मोठा भाग देणगीतून जातच नाही. तो निवेदनांतून, उद्योगसंघटनांतून, सेवानिवृत्त अधिकाऱ्यांच्या नेमणुकांतून जातो. भारतात लॉबिंगची, म्हणजे धोरण आपल्या बाजूने वळवण्यासाठी केलेल्या प्रयत्नांची, नोंद ठेवणारा कायदा नाही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये संसदेत वॉलमार्टवरून गदारोळ झाला तो आठवून पाहा. या कंपनीने २००८ पासून लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले आणि त्या विषयांत भारतातल्या किरकोळ व्यापारातली परदेशी गुंतवणूकही होती, हे आपल्याला समजलं कुठून? अमेरिकेत तिने भरलेल्या सक्तीच्या अहवालांतून. आपल्याकडे एक निवृत्त न्यायमूर्ती नेमून चौकशी झाली, ठोस निष्पन्न झालं नाही आणि पुढे लॉबिंगची नोंद मागणारं खासगी विधेयक आलं तसं विरलं.

कंपन्यांनी सरकारशी बोलूच नये, असं मात्र मी म्हणणार नाही. पुण्याची मराठा चेंबर असो वा मुंबईची बॉम्बे चेंबर, अर्थसंकल्पाआधी निवेदनं देतात, आणि जीएसटीच्या सुरुवातीच्या गोंधळात अशा निवेदनांमुळे कितीतरी अडचणी सुटल्या. मीही अशी निवेदनं लिहिली आहेत. ज्याला धंदा माहीत आहे त्याने नियमातली खोट दाखवलीच पाहिजे. फक्त ते निवेदन सगळ्यांना वाचता आलं पाहिजे, म्हणजे ज्याला ते पटत नाही त्याला उलट निवेदन देता येईल. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या एक हजार लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यावसायिक जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल द्यावा लागतो. त्यातलं सातवं तत्त्व याच विषयाचं आहे. कोणत्या उद्योगसंघटनांचं सदस्यत्व आहे हे सांगणं सक्तीचं, पण कोणत्या धोरणासाठी कंपनीने बाजू मांडली हे सांगणं ऐच्छिक. त्या रकान्यात बहुतेक अहवालांत एक गुळगुळीत परिच्छेद असतो.

ब्रिटनमध्ये २००० च्या कायद्यापासून कंपनीने पाच हजार पौंडांहून जास्त राजकीय देणगी द्यायची तर भागधारकांचा आगाऊ ठराव लागतो, आणि तो जास्तीत जास्त चार वर्षं चालतो. आपल्याकडे कलम १८१ मधली भागधारकांच्या परवानगीची पद्धत १८२ मध्ये आणली तरी माझं समाधान होईल. प्रवर्तकाला आपला पक्ष आवडत असेल तर त्याने स्वतःच्या लाभांशातून द्यावं. कंपनीत तुमचा पैसा आहे, आणि ज्याने आयुष्यात एकही शेअर घेतला नाही त्याचाही आहे, कारण भविष्यनिर्वाह निधीची संघटना २०१५ पासून ईटीएफमार्फत, म्हणजे अनेक कंपन्यांचे शेअर एकत्र घेणाऱ्या फंडांमार्फत, शेअर बाजारात गुंतवते. ठाण्यातल्या कारकुनाचा पीएफ त्याला न आवडणाऱ्या पक्षाच्या प्रचारात जातो, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसतं.

तुम्ही काय करू शकता? अहवालात हिशेबावरच्या टिपांमध्ये 'इतर खर्च' शोधा, आणि एकत्रित आकड्यांसोबत कंपनीचे स्वतंत्र आकडेही पाहा. उपकंपन्यांमार्फत देणगी गेली असेल तर त्यांचे हिशेब वेबसाइटवर असतात. पक्षाचं नाव नसेल किंवा ट्रस्टचं असेल, तर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पक्षांचे वीस हजारांवरच्या देणग्यांचे अहवाल आणि ट्रस्टचे अहवाल ताडून पाहा. मग वार्षिक सभेआधी कंपनी सेक्रेटरीला ईमेल करून वक्ता म्हणून नाव नोंदवा आणि तीनच प्रश्न लेखी द्या: देणगीचा ठराव कोणत्या तारखेच्या बैठकीत झाला, पक्ष कुणी निवडला, आणि सरासरी नफ्याशी तिचं प्रमाण किती. भाषण करू नका, भाषणाला 'आभारी आहोत' एवढंच उत्तर मिळतं. आकड्याच्या प्रश्नाला बगल देणं माझ्यासारख्या माणसाला अवघड जातं. संचालक मंडळाचं इतिवृत्त तुम्हाला पाहता येणार नाही, पण सर्वसाधारण सभेचं पाहता येतं, आणि फी भरून प्रत मागितली तर कामकाजाच्या सात दिवसांत द्यावी लागते. तुमचा प्रश्न आणि अध्यक्षांचं उत्तर त्यात कसं नोंदवलं आहे, ते जरूर वाचा. गाळलं असेल तर पुढच्या वर्षी तिथूनच सुरुवात करता येईल.